आठ मिलिमीटरचा अपराध

‘लॅबचा आहे म्हणे.’

मोशीच्या एका मंगल कार्यालयात साखरपुडा चालला होता. हे वाक्य माझ्या मागच्या रांगेत जन्माला आलं आणि मुलाने अंगठी घातल्यापासून पहिली पंगत बसेपर्यंत सगळा हॉल फिरून आलं. मुलगा मूळचा लातूरकडचा, चाकणला गाड्यांच्या कंपनीत, पर्मनंट होऊन तीन वर्षं झालेली. मुलगी तळवड्याला एका ऑफिसात पगारपत्रकं बघते. तिच्या बोटात दोन कॅरेटचा गोल हिरा. फोटोवाल्याने त्या हाताचे जरा जास्तच फोटो काढले, हे खरं. बाकीचं ‘खरं’ मात्र हॉलने ठरवलं. ‘एवढा मोठा म्हटल्यावरच मला शंका आली होती.’ ‘खाणीतला असता तर दहा-पंधरा लाखांच्या खाली मिळतो होय?’ ‘त्यापेक्षा बारका घ्यायचा, पण खरा घ्यायचा.’ ‘विकायला जा म्हणावं, दारात कुणी उभं करणार नाही.’ आणि वाढपी मठ्ठा ओतत असताना कानावर आलेलं, सगळ्यांत सोज्वळ: ‘ऐपत नसेल तर माणसाने नादी लागू नये.’

मी भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये तेहेतीस वर्षं इन्स्पेक्शन केलं. मोजमाप न घेता पीस रिजेक्ट करणाऱ्या माणसाबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. त्या दिवशी हॉलभर तेच चाललं होतं, तेही फुकटचं जेवून.

हे मत त्याच्या सगळ्या मानपानासह मांडतो, म्हणजे नंतर कुणी तक्रार करायला नको. खाणीतला हिरा खरा, मशीनमधला नकली. खरा दुर्मिळ म्हणून मौल्यवान. मशीनमधला हवा तेवढा काढता येतो म्हणून कवडीमोल. खऱ्याचे पैसे परत येतात, याचे येत नाहीत. म्हणून ज्याला खरा परवडतो त्याने मोठा घालावा. ज्याला परवडत नाही त्याने मोहरीएवढा घालावा किंवा घालूच नये, पण मशीनमधला मोठा हिरा घालून पायरी ओलांडू नये. हे शेवटचं कुणी मोठ्याने बोलत नाही. आधीची सगळी वाक्यं त्याच्याचसाठी बोलली जातात असा माझा संशय आहे, आणि तिथवर मी येणारच आहे.

आधी ‘नकली’ हा शब्द घेऊ. एक वस्तू दुसरीचं सोंग घेते तेव्हा ती नकली. ज्याला आपले सराफ आणि आपल्या मावश्या ‘अमेरिकन डायमंड’ म्हणत आल्या, ते सोंग. तो हिरा नव्हेच, क्युबिक झिरकोनिया. हिऱ्याच्या दीडपटीहून जड, हिऱ्यापेक्षा कितीतरी मऊ, रोज वापरला तर काही वर्षांत कडा झिजून धुरकट. (त्याची कृती सत्तरच्या दशकात बसवली मॉस्कोतल्या शास्त्रज्ञांनी. अमेरिकेचा संबंध नावापुरता. नावावरून पारख करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.) मोइसानाइट हे दुसरं सोंग. ते सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे आमच्या हिरव्या ग्राइंडिंग व्हीलमधलंच द्रव्य, नटूनथटून आलेलं. या दोघांना नकली म्हणा, मी साक्षीला येतो.

कारखान्यात वाढवलेला हिरा मात्र कुणाचंही सोंग घेत नाही. तो कार्बन, खाणीतलाही कार्बन. अणूंची मांडणी तीच, कठीणपणा तोच, घनता तीच ३.५२, प्रकाश वाकवण्याचा आकडा तोच २.४२. सराफाकडे पेनासारखा टेस्टर असतो. टोक टेकवलं की टीं करतो. उष्णता खड्यातून किती झपाट्याने निघून जाते तेवढंच त्याला कळतं, आणि तो दोन्ही हिऱ्यांवर सारख्याच निष्ठेने वाजतो. जन्माचा दाखला मागायची त्या बिचाऱ्याला अक्कल नाही. फरक शोधायला मोठी यंत्रं लागतात. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत जमिनीखाली असताना थोडा नायट्रोजन अडकलेला असतो, कारखान्यातल्या पांढऱ्या हिऱ्यांत तो जवळपास नसतो. अशा नायट्रोजन नसलेल्या हिऱ्यांना रत्नशास्त्रात ‘टाइप टू-ए’ म्हणतात. खाणीतून येणाऱ्या शंभरात एखाद-दुसराच या वर्गात बसतो. कोहिनूर बसतो. म्हणजे मोशीच्या हॉलने ज्याला नाक मुरडलं तो खडा रसायनशास्त्राच्या वर्गात कोहिनूरच्या बाकावर बसलेला आहे.

‘लॅब’ हा शब्दही मला पटत नाही. लॅब म्हटलं की पांढरा कोट आणि काचेची नळी डोळ्यांपुढे येते, आणि ‘काहीतरी केमिकल’ असा सूर लागतो. सुरतेत रांगेने रिॲक्टर उभे करून रात्रंदिवस चालवतात, त्या जागेला आपण भोसरीत सरळ शॉप म्हणतो. हिऱ्याची पातळ चकती ‘बी’ म्हणून ठेवायची, मिथेन आणि हायड्रोजन सोडायचे, वायू इतका तापवायचा की मिथेनमधला कार्बन सुटून बीवर थरावर थर बसत जाईल. काही आठवड्यांत कच्चा हिरा तयार. दुसरी रीत जुनी: प्रचंड दाबाखाली आणि दीड हजार अंशांच्या आसपास कार्बनला हिरा व्हायला भाग पाडायचं. २०२३च्या अर्थसंकल्पात याच बियांवरचं पाच टक्के आयात शुल्क सरकारने काढून टाकलं. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा हिरा भेट दिला, तो असाच वाढवलेला. व्हाइट हाउसमध्ये चाललेली वस्तू मोशीच्या हॉलला हलकी वाटावी, याचा आम्ही पिंपरी-चिंचवडकरांनी अभिमान बाळगायचा का?

आणि ही नाकं कुठे मुरडली जातात? ज्या पट्ट्याचं पोट हिऱ्याच्या टोकावर भरतं, तिथे. हीट ट्रीटमेंट होऊन आलेला पार्ट आधी रॉकवेल मशीनखाली जातो. एकशेवीस अंशांचा हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भाराने पोलादात रुततो आणि डायल सांगते, साठ एचआरसी. ग्राइंडिंग व्हील बोथट झालं की त्यावरून डायमंड ड्रेसर फिरतो. कार्बाइडच्या टूलला धार लावायची तर व्हील हिऱ्याच्या भुकटीचं. ॲल्युमिनियमची इंजिन केस, पिस्टन, अलॉय व्हील कापायला पीसीडी टिप, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण दाबून-भाजून एकजीव केलेला तुकडा. पोलादावर ती टिप चालत नाही. तापली की हिऱ्यातला कार्बन लोखंडात उतरतो आणि धार बसते. हे आयटीआयचं पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. ती भुकटी आणि त्या टिपांमधला हिरा कारखान्यात बनतो, माझ्या नोकरीच्या आधीपासून. ड्रेसरच्या टोकाला कधी खाणीतला असतो, कधी कारखान्यातला. स्टोअरच्या खिडकीत उभं राहून ‘हा खरा का हो?’ असं विचारणारा माणूस मला तेहेतीस वर्षांत भेटला नाही. एका टोकावर किती व्हील होतात, एवढंच विचारायचे. चाकणहून बाहेर पडणाऱ्या गाडीच्या इंजिनात ज्या हिऱ्याचं काम आहे तो खरा, आणि गाडी जोडणाऱ्याच्या बायकोच्या बोटात गेला की खोटा?

१६ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल या रसायनशास्त्रज्ञाने माणसाच्या हाताने हिरा बनवला. कंपनीने बक्षीस म्हणून त्यांना दहा डॉलरचा बचत रोखा दिला. (बोनसच्या वाटाघाटींना बसलेल्या युनियनवाल्यांनी हा दाखला जरूर वापरावा.) त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढू लागली. ती बुरशी आधी निसर्गातच होती. कारखान्याने तिला हवं तसं, हवं तेवढं वाढवलं, आणि जे औषध साहेबांच्या पलटणींना मिळत होतं ते ससूनच्या जनरल वॉर्डात पोचलं. ‘टाकीतलं नको, रानातल्या बुरशीचं द्या’ असं म्हणून कुणी इंजेक्शन परत पाठवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

देहू इथून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून तुकोबांचंही नाव निघतंच. हिऱ्याची पारख त्यांनी एका अभंगात ऐरणीवर आणि घणाखाली सांगितली आहे. (विज्ञानवाल्यांनी इथे मध्ये पडू नये. हिरा कठीण असला तरी ठिसूळ असतो. नेमक्या कोनात घाव बसला तर खाणीतलाही फुटतो आणि कारखान्यातलाही. दृष्टान्ताला ड्रॉइंग लावायचं नसतं.) मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तुकोबा हिऱ्याला घण मारून बघतात. त्याचं गाव विचारत नाहीत.

ज्या बाईंनी ‘बारका पण खरा’ हा मंत्र दिला, त्यांच्या गळ्यात तन्मणी होता, कानांत मोत्यांच्या कुड्या, नाकात टपोरी नथ. सुरेख दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. पण तो एकूणएक मोती संवर्धित. शिंपल्यात माणसाने मुद्दाम काहीतरी खुपसायचं, शिंपल्याला पाण्यात सांभाळायचं आणि ठरल्या दिवशी उघडायचं, ही शेती आहे. जपानच्या मिकिमोतोंना १८९३ साली पहिलं यश आलं. गोल मोती बाजारात आले तेव्हा १९२०च्या दशकात पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी असाच गिल्ला केला: हे खोटे, हे बाजार बुडवणार. प्रकरण कोर्टात गेलं आणि व्यापारी हरले. आज बसरा मोती म्हणजे आजीच्या आठवणीतला शब्द. दुकानात मिळतो तो शेतातला, आणि त्याचीच नथ घालून लाखो मराठी मुली बोहल्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या नथीला कुणी ‘लॅबची’ म्हणालं? मोत्याला जे माफ आहे ते हिऱ्याला गुन्हा कसा होतो, हे मी त्या बाईंना विचारणार होतो. बायकोने माझ्या कोपराला चिमटा काढला, म्हणून इथे लिहितोय.

मग येतं अब्जावधी वर्षांचं काव्य. पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटर खोल, अब्जावधी वर्षं तो वाट पाहत होता, वगैरे. अंगणातला काळा पाषाणही सहा-साडेसहा कोटी वर्षांचा आहे, त्याची कुणी अंगठी करत नाही. वयाला किंमत कुणीतरी लावावी लागते, आणि ती कुणी लावली हे लपलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेत हिरे फावड्याने निघू लागले तेव्हा भाव कोसळणार हे दिसत होतं. १८८८ मध्ये डी बिअर्स कंपनी निघाली आणि पुढची शंभर वर्षं तिने मुख्यतः एकच काम केलं: माल तिजोरीत ठेवून बाहेर थेंबाथेंबाने सोडायचा. १९४७ मध्ये तिच्या जाहिरात संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी हिरा चिरंतन असल्याचं घोषवाक्य लिहिलं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या तरुणांना सांगितलं गेलं की अंगठीवर दोन महिन्यांचा पगार घालणं रीतीला धरून आहे. रीत! आपल्याकडे सामान्य घरच्या साखरपुड्यात हिरा कधी होता? साडी, साखरेचा पुडा, फार तर सोन्याचं वळं. सौभाग्याचं लेणं काळ्या मण्यांचं. ज्या परंपरेच्या नावाने मोशीच्या पोराला झापलं जातं ती अमेरिकेत लिहिलेली जाहिरात आहे.

खाणीतल्या हिऱ्याच्या कुळशीलाबद्दल मराठी माणसाने तर जपूनच बोलावं. त्र्यंबकेश्वराचा हिरा ‘नासक’ या नावाने जगभर ओळखला जातो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो कंपनीच्या हाती लागला, लंडनला गेला, विकला गेला, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी त्याला पुन्हा पैलू पाडून त्रेचाळीस कॅरेटवर आणला. अस्सल, नैसर्गिक, अतिप्राचीन. आणि देवाचा लुटलेला. सुरतेच्या रिॲक्टरमधून निघालेल्या खड्यावर निदान असला कुठला डाग नाही. तो ‘पर्यावरणपूरक’ असतो म्हणणाऱ्या दुकानदारांच्या मागे मात्र मी उभा राहणार नाही. रिॲक्टरला आठवडेच्या आठवडे वीज लागते, आणि आपल्याकडे वीज म्हणजे बहुतांशी कोळसा. हिरवं पान छापलेल्या डब्या त्यांनी आपल्याजवळच ठेवाव्यात.

आता मोडीचा मुद्दा. विरोधकांचा हा हुकमाचा पत्ता, म्हणून जरा बसून खेळू.

सोन्याची मोड येते आणि हिऱ्याची तशी येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण खाणीतल्या हिऱ्याची तरी सोन्यासारखी कुठे येते? त्याचा रोजचा भाव पेपरात छापून येत नाही. दुकानातून बाहेर पडताना तुम्ही दुकानदाराचा नफा, घडणावळ आणि तीन टक्के जीएसटी देऊन आलेले असता. काही मोठ्या पेढ्या आपल्याच बिलावर, आपल्याच अटींवर तो परत घेतात. ती पेढीने दिलेली सवलत आहे, दगडाचा गुण नव्हे. तरीही धरून चालू की नैसर्गिक हिऱ्याचे सत्तर टक्के सुटतात आणि कारखान्यातल्याचं शून्य. दोन कॅरेटची नैसर्गिक अंगठी समजा बारा लाखांची. विकताना तूट तीन लाख साठ हजार. तेवढीच कारखान्यातली अंगठी समजा सव्वा लाखाची. तिच्यातल्या सोन्याचे चाळीस हजार आले आणि हिरा गटारात फेकला, तर तूट पंच्याऐंशी हजार. शंभर टक्के बुडूनही हा माणूस अडीच लाखांहून जास्त वाचवतो. ‘पण त्याने सव्वा लाखाचाच, बारका नैसर्गिक घ्यायला हवा होता,’ असं म्हणाल. ठीक. तिथे तूट साडेसदतीस हजार, इथे पंच्याऐंशी. फरक साडेसत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस हजार धरा. हे अठ्ठेचाळीस हजार मी मान्य करतो, रोख. त्या हॉलमध्ये डीजे, ड्रोन आणि फुलांची कमान यांवर याहून जास्त गेले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांची मोड घ्यायला कोण आलं होतं? आणि साखरपुड्याची अंगठी तुमच्यापैकी किती जणांनी विकली आहे? ज्या घरात ती विकायची वेळ येते त्या घराचे प्रश्न हिऱ्याच्या जातीने सुटणारे नसतात.

भाव पडतोय, हे दुसरं टोक. पडतोयच. दिल्लीच्या जीटीआरआय या अभ्यासगटाने २०२४ मध्ये सांगितलं की कारखान्यातल्या हिऱ्याचा दर वर्षभरात कॅरेटमागे साठ हजारांवरून वीस हजारांवर आला. ही बातमी मला लोक असे वाचून दाखवतात जणू माझ्या घरी मयत झाली आहे. अहो, मी व्यापारी नाही! घालायची वस्तू स्वस्त झाली तर रडायचं दुकानदाराने. आणि नैसर्गिक हिऱ्याच्या घरात तरी कुठे सनई वाजतेय? डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने आठशे डॉलर कॅरेटने स्वतःच कारखान्यातले हिरे विकायला काढले, २०२५ मध्ये तो धंदा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दरम्यान तिच्या मालक कंपनीने, अँग्लो अमेरिकनने, २०२४ मध्ये डी बिअर्सच आपल्या पदरातून काढायचं ठरवलं आणि २०२५च्या फेब्रुवारीत तिची किंमत वहीतून २९० कोटी डॉलरने उतरवली. ज्याच्याजवळ चिरंतनाची अख्खी खाण आहे तोच गिऱ्हाईक शोधत फिरतोय, आणि तीस सेंटचा खडा घेऊन तुम्ही म्हणे गुंतवणूक केलीत.

नवा दाखला असा देतात की जीआयए या अमेरिकी संस्थेनेही २०२५ पासून कारखान्यातल्या हिऱ्यांना रंगाची आणि शुद्धतेची जुनी अक्षरं देणं थांबवलं. आता ‘प्रीमियम’ किंवा ‘स्टँडर्ड’ एवढंच. बघा, त्यांनीही पायरी दाखवली! मला हे वाचून हसू आलं, कारण हे आमच्या खात्यातलं काम आहे. संस्थेने कारण दिलं होतं की येणाऱ्या मालापैकी पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त माल रंग-शुद्धतेच्या अगदी अरुंद पट्ट्यात बसतो. म्हणजे प्रोसेस स्थिर झाली. प्रोसेस स्थिर झाली की टूलरूममध्ये आम्ही प्रत्येक पीसची कुंडली मांडणं सोडून द्यायचो आणि गो-नोगो गेज लावायचो: जातो, नाही जात. कारखान्याचा याहून मोठा गौरव इन्स्पेक्टरच्या हातून होत नाही.

फसवणूक खरी होते ती दुसरीकडे, आणि त्याबद्दल हॉलमध्ये कुणी चकार शब्द काढला नाही. घाऊक दर कोसळले तरी काही दुकानांच्या काचेमागचे दर जागचे हलत नाहीत. ‘डी कलर, व्हीव्हीएस’ अशी बाराखडी म्हणून पैसे वाढवतात. नुसत्या डोळ्यांना जी-एच रंग आणि व्हीएस शुद्धता यांत काही कमी दिसत नाही, आणि चमक येते ती पैलूंच्या मापातून, म्हणून पैसे घालायचे तर कटमध्ये घालावेत. हिऱ्याच्या कमरेवर लेझरने कोरलेला नंबर दहापटीच्या भिंगातून वाचून प्रमाणपत्राशी ताडून बघावा. बिलात हिऱ्याचं वजन, सोन्याचं वजन, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी, आणि हिरा कारखान्यातला आहे हे स्पष्ट शब्दांत. सोन्यावर हॉलमार्क. मोठ्या खड्याला चारऐवजी सहा नख्या. आणि त्यासाठी कर्ज काढू नये, हप्ते बांधून घेऊ नयेत. एवढी एकच गोष्ट मी त्या हॉलला देतो, आणि तीही त्यांनी मागितली नव्हती.

राहिला आकार, म्हणजे मूळ दुखणं. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा. दोन कॅरेटचा आठच्या किंचित वर. सगळा हॉल दीड-पावणेदोन मिलिमीटरसाठी पेटला होता. टूलरूममध्ये मी दहा मायक्रॉनसाठी भांडलोय, तेव्हा दीड मिलिमीटर लहान नव्हे हे मला कळतं. पण तिथे हातात ड्रॉइंग असायचं. चाकणच्या कामगाराच्या बायकोच्या बोटावर किती मिलिमीटरचा खडा चालेल, याचं ड्रॉइंग कुणी काढलं? टॉलरन्स कुणी दिला?

आणि दिखाव्याचं प्रवचन या गावात? २०१२-१३ च्या सुमाराला भोसरीच्या दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून जास्त सोन्याचा शर्ट करून घेतला, तो जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापला. जमिनी एमआयडीसीला गेल्या, प्लॉटिंगला गेल्या, आणि गळ्यात बोटभर जाडीच्या साखळ्या घालून फिरणाऱ्या गुंठामंत्र्यांना आपण चाळीस वर्षं हार घातले, फ्लेक्सवर बघितलं, मतं दिली. त्यांच्या सोन्याला ‘ऐपत’ हा शब्द कधी चिकटला नाही. तो ठेवलेला असतो पगारदारासाठी, त्यातही बाहेरगावाहून आलेल्यासाठी, जो काल-परवापर्यंत चार पोरांत एक खोली घेऊन कुरुळीला राहत होता आणि आज आठ मिलिमीटरचा खडा घेऊन स्टेजवर चढलाय.

‘खरा-खोटा’ हे सगळं या एका अडचणीचं पांघरूण आहे. पूर्वी बोटाकडे बघितलं की घर कळायचं. आता कळत नाही. भिंग, यंत्र आणि प्रमाणपत्र लागतं, आणि ते लग्नाच्या हॉलमध्ये कुणी आणत नाही. मग कुजबुजीने काम भागवायचं. म्हणून मला ती कुजबूज भाबडी वाटत नाही. हिऱ्याची काळजी त्यात कुणालाच नव्हती. एक कामगार आपल्या पगारातून, आपल्या बायकोला, बाजारात उघड मिळणारी, बिलावर लिहिलेली, अणूरेणूने हिरा असलेली वस्तू आपल्याला आवडेल त्या मापात घेतो. त्याने दोन घ्यावा, तीन घ्यावा. त्याचं माप काढणाऱ्यांनी आधी आपल्या गळ्यातला मोती कुठल्या तळ्यात पिकला ते शोधून यावं.

दिवाळीनंतर माझ्या पुतणीचा साखरपुडा आहे, त्याच कार्यालयात. मुलगा महाळुंग्याला मेंटेनन्समध्ये आहे. बजेट दीड लाख, रोख. आम्ही दोन कॅरेटचा बघत होतो. परवा त्याचा फोन आला, ‘काका, अडीचचा बसत असेल तर बघा की.’ बसतोय. भिंग मी पिशवीत टाकलंय, नंबर मीच वाचणार. आणि माइकवर बोलणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय की अंगठी घालताना मोठ्याने म्हणायचं: अडीच कॅरेट, कारखान्यातला, सुरतेचा. मागच्या रांगेने पंगत बसेपर्यंत दुसरा विषय शोधावा.